लोकवर्गणीतून ध्वनिमुद्रण

लोकवर्गणीतून ध्वनिमुद्रण म्हणजे गायक, वादक, संगीतकार किंवा वाद्यवृंद यांनी ध्वनिमुद्रणाचा खर्च एखाद्या संगीत कंपनीकडून न घेता आंतरजालाच्या साहाय्याने थेट श्रोत्यांकडून उभा करण्याची पद्धत होय. सर्वसाधारण व्यवहारात ही पद्धत क्राउडफंडिंग या नावाने ओळखली जाते. श्रोते ध्वनिमुद्रण पूर्ण होण्यापूर्वीच रक्कम देतात. त्या बदल्यात त्यांना ध्वनिमुद्रिकेची प्रत, श्रेयनामावलीत नामोल्लेख, कार्यक्रमाची प्रवेशिका किंवा अन्य भेट मिळते.

नेहमीच्या व्यवहारात कोणते संगीत ध्वनिमुद्रित व्हावे याचा निर्णय भांडवल गुंतवणारी कंपनी घेते आणि श्रोता तयार मुद्रिका विकत घेतो. लोकवर्गणीच्या पद्धतीत हा निर्णय काही प्रमाणात श्रोत्यांच्या हाती येतो आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कलाकाराकडे राहू शकते. मात्र ध्वनिमुद्रण वेळेत पूर्ण करण्याची, भेटी पोहोचवण्याची आणि हिशेब ठेवण्याची जबाबदारीही कलाकारावरच पडते. मराठीत या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे संगीतकार कौशल इनामदार यांनी २०१० मध्ये प्रकाशित केलेले मराठी अभिमानगीत होय.

## पार्श्वभूमी

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कोलकात्यात झाला. गौहर जान यांची ध्वनिमुद्रणे या पहिल्या काळातील आहेत. त्यानंतर अनेक दशके ध्वनिमुद्रण हे महागडी यंत्रसामग्री आणि वितरणव्यवस्था असलेल्या मोजक्या कंपन्यांच्या हाती राहिले. १९८० च्या दशकात ध्वनिफितींमुळे हा खर्च कमी झाला आणि भक्तिगीते, लोकगीते, कोळीगीते, भीमगीते अशा प्रादेशिक संगीताला स्वतंत्र बाजारपेठ मिळाली. तरीही चित्रपटसंगीताचे वर्चस्व कायम राहिले.

कंपनीशी करार करताना कलाकाराला अनेकदा आगाऊ रक्कम मिळते. ती रक्कम पुढील मानधनातून वळती केली जाते आणि मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क सामान्यतः कंपनीकडे राहतात. संगणकावर ध्वनिमुद्रण करणे शक्य झाल्यावर यंत्रसामग्रीचा अडसर कमी झाला. स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन, ध्वनिमिश्रण आणि अंतिम ध्वनिसंस्करण यांचा खर्च मात्र उरलाच. संगीत मुख्यतः प्रवाही सेवांवर ऐकले जाऊ लागल्यानंतर ध्वनिमुद्रिकांची विक्री घटली. एकेका श्रवणामागे मिळणारी रक्कम अत्यल्प असल्याने कमी श्रोते असलेल्या कलाकाराला हा खर्च विक्रीतून भरून काढणे कठीण झाले.

## पूर्वपरंपरा

कलेसाठी समुदायाने वर्गणी देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. कीर्तनकाराला श्रोत्यांकडून मिळणारी बिदागी, तमाशातील दौलतजादा, जत्रेसाठी घराघरांतून गोळा होणारी पट्टी आणि शाहिरी कार्यक्रमानंतर फिरणारी झोळी ही तिची परिचित रूपे आहेत. एकोणिसाव्या शतकात अनेक मराठी पुस्तकांसाठी छपाईपूर्वी वर्गणीदार मिळवले जात. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही संस्था राजाश्रयावर न चालवता जाहीर मैफली आणि लोकांचे साहाय्य यांवर चालवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. पुढे शहरांतील संगीत मंडळांनी सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून मैफली भरवल्या.

चित्रपटक्षेत्रात श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ (१९७६) या चित्रपटासाठी गुजरातमधील सुमारे ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते. मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम यांचा ‘अम्मा अरियन’ (१९८६) हा चित्रपटही लोकांकडून जमवलेल्या पैशांतून तयार झाला.

या सर्व उदाहरणांत देणारे व घेणारे एकाच गावात, संघटनेत किंवा मंडळात एकत्र आलेले होते. आंतरजालामुळे एकमेकांना कधीही न भेटलेले, दूरदेशी विखुरलेले श्रोतेही एका ध्वनिमुद्रणासाठी वर्गणीदार होऊ शकले.

## जागतिक इतिहास

ब्रिटिश वाद्यवृंद मॅरिलियन हे या पद्धतीचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. १९९७ मध्ये त्यांच्या अमेरिकन चाहत्यांनी दौऱ्यासाठी आंतरजालावरून सुमारे ६०,००० डॉलर जमवले. त्यानंतर या वाद्यवृंदाने २००१ मधील अल्बमसाठी श्रोत्यांकडून आगाऊ मागणी नोंदवून घेतली. १२ हजारांहून अधिक जणांनी ध्वनिमुद्रणापूर्वीच पैसे भरले.

अमेरिकेतील आर्टिस्टशेअर हे संकेतस्थळ २००३ मध्ये सुरू झाले. त्याद्वारे निधी उभारलेल्या मारिया श्नायडर यांच्या ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ या जॅझ अल्बमला २००५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दुकानांत विक्रीस न ठेवता केवळ आंतरजालावरून विकलेल्या मुद्रिकेला मिळालेला हा पहिला ग्रॅमी होता. २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये सेलाबँड, २००८ मध्ये इंडीगोगो, तर २००९ मध्ये किकस्टार्टर आणि प्लेजम्युझिक ही संकेतस्थळे सुरू झाली.

२०१२ मध्ये अमांडा पामर या अमेरिकन गायिकेने किकस्टार्टरवर १ लाख डॉलरचे लक्ष्य ठेवले. सुमारे २४,९०० जणांनी मिळून तिला सुमारे ११ लाख ९० हजार डॉलर दिले. त्यानंतरच्या दौऱ्यात स्थानिक वादकांना बिनमोबदला साथ करण्याचे आवाहन केल्यामुळे तिच्यावर टीका झाली आणि पुढे तिने त्यांना मानधन दिले. श्रोत्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पात सहकलाकारांना काय मिळावे, हा प्रश्न या प्रकरणाने पुढे आणला.

एका प्रकल्पापुरती रक्कम जमवण्याऐवजी दरमहा ठरावीक वर्गणी देण्याची सोय पेट्रिऑनने २०१३ मध्ये उपलब्ध केली. कोविड-१९ साथीमुळे कार्यक्रम बंद पडल्यावर बँडकॅम्प या विक्रीस्थळाने २० मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी आपला हिस्सा सोडून दिला. त्या दिवशी झालेल्या खरेदीची रक्कम, देयकशुल्क वगळता, कलाकारांना किंवा त्यांच्या मुद्रिकासंस्थांना मिळाली.

## कार्यपद्धती

निधी उभारण्याच्या मोहिमेत साधारणपणे पुढील टप्पे असतात.

- अंदाजपत्रक : स्टुडिओ, वादक, ध्वनिमिश्रण, मुखपृष्ठ, भेटींची निर्मिती, टपालखर्च, संकेतस्थळाचे शुल्क आणि कर यांचा हिशेब मांडून लक्ष्य ठरवले जाते.
- आवाहन : कलाकार चित्रफीत व लेखी निवेदनातून प्रकल्पाची माहिती देतो. तयार चालीचा नमुना ऐकवल्यास श्रोत्यांना निर्णय घेणे सोपे जाते.
- भेटींची श्रेणी : लहान रकमेसाठी ध्वनिमुद्रणाची प्रत, तर मोठ्या रकमेसाठी स्वाक्षरीची मुद्रिका किंवा घरगुती मैफल अशा पायऱ्या ठेवल्या जातात.
- मुदत : मोहीम बहुधा ३० ते ६० दिवस चालते.
- पूर्तता : ध्वनिमुद्रण पूर्ण करून भेटी पाठवल्या जातात आणि वर्गणीदारांना प्रगती कळवली जाते.

रक्कम हाती येण्याच्या दृष्टीने दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत ठरलेल्या मुदतीत लक्ष्य पूर्ण झाले तरच रक्कम कलाकाराला मिळते, अन्यथा ती वर्गणीदारांकडेच राहते. दुसरीत जमेल तेवढी रक्कम कलाकाराला ठेवता येते. अपुऱ्या पैशात प्रकल्प अर्धवट राहण्याचा धोका पहिल्या पद्धतीत कमी असतो.

जमलेली सर्व रक्कम ध्वनिमुद्रणासाठी उपलब्ध होत नाही. एखाद्या काल्पनिक मोहिमेत ३ लाख रुपये जमले आणि संकेतस्थळाचे शुल्क १० टक्के व देयकशुल्क २ टक्के असले, तर शुल्काचे ३६,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कराचे ६,४८० रुपये धरल्यास २,५७,५२० रुपये उरतात. भेटींची निर्मिती व टपालखर्च याच रकमेतून करावा लागतो. त्यामुळे लक्ष्य ठरवताना केवळ स्टुडिओचा खर्च धरल्यास मोहीम यशस्वी होऊनही कलाकाराला पदरमोड करावी लागते.

## भारतातील वाटचाल

शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोर रेकॉर्ड्स ही संस्था सुरू केली. ती वर्गणी जमवणारी संस्था नव्हे. मात्र स्वतंत्र कलाकारांच्या ध्वनिमुद्रिका आंतरजालावरून थेट श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्याचा भारतातील हा आरंभीचा प्रयत्न होता.

२०१० नंतर देशात मिलाप, केटो आणि विशबेरी ही निधीसंकलनाची संकेतस्थळे उभी राहिली. त्यांपैकी मुंबईच्या विशबेरीने कला, चित्रपट व संगीत यांवर भर दिला. आस्मा या गायकगटातून पुढे आलेल्या गायिका वसुदा शर्मा यांनी ‘अट्यून्ड स्पिरिट्स’ या आपल्या एकल अल्बमसाठी अशाच मोहिमेतून निधी उभारला.

भारतातील कलाकारांना काही तांत्रिक अडचणी आल्या. किकस्टार्टरने ज्या देशांतील निर्मात्यांना प्रकल्प मांडण्याची मुभा दिली, त्यांत भारताचा समावेश नव्हता. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत देयकसेवा बंद केली. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती देयकांसाठी वाढीव पडताळणी बंधनकारक केल्याने परदेशी संकेतस्थळांवरील मासिक वर्गणीत अडथळे आले. दुसरीकडे २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे अगदी लहान रक्कमही मोबाइलवरून थेट कलाकाराच्या खात्यात पाठवता येऊ लागली.

## मराठी अभिमानगीत

कवी सुरेश भट (१९३२–२००३) यांच्या मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या कवितेला कौशल इनामदार यांनी चाल दिली. मुंबईतील एका खासगी एफएम वाहिनीवर मराठी गाणी लावली जात नाहीत, कारण त्यामुळे वाहिनीला कमी दर्जाचे रूप येईल असे मानले जाते, हा अनुभव या प्रकल्पामागे होता. मराठी गीताची निर्मिती हिंदी चित्रपटगीतांच्या तोडीची करून या समजुतीला उत्तर द्यावे, असा इनामदार यांचा उद्देश होता.

मोठा गायकवर्ग आणि वाद्यमेळ यांमुळे खर्च एका व्यक्तीच्या आवाक्याबाहेरचा होता. इनामदार यांनी मराठी भाषकांना प्रत्येकी ५०० रुपये देण्याचे आवाहन केले. आंतरजालावरून हे आवाहन देशात व परदेशांत पोहोचले आणि लहान लहान रकमांतून निधी उभा राहिला. त्या वेळी यूपीआय अस्तित्वात नव्हते आणि विशबेरीसारखी संकेतस्थळेही सुरू झालेली नव्हती. त्यामुळे निर्मात्याने स्वतःच आवाहन करून वर्गणी गोळा करण्याचे हे काम होते.

गीतात ११२ नामवंत गायक-गायिकांचे आणि ३५६ समूहगायकांचे आवाज आहेत. हरिहरन, शंकर महादेवन, सुरेश वाडकर आणि रवींद्र साठे यांचा गायकांत समावेश आहे. २७ फेब्रुवारी २०१० रोजी, मराठी भाषा गौरव दिनी, गीताचे प्रकाशन झाले. तेव्हापासून शाळा, साहित्यिक कार्यक्रम आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळांत हे गीत गायले जाते.

या उदाहरणात वर्गणीदारांनी एका गायकाच्या चाहत्यांपेक्षा भाषेचे भाषक या नात्याने पैसे दिले. देणाऱ्यांचा समूह आधीच अस्तित्वात होता आणि आवाहनाने त्याला एकत्र आणले. व्यापारी वाहिन्यांना ज्या गीताची आवश्यकता वाटत नव्हती, त्याची मागणी या वर्गणीने सिद्ध केली.

## डहाणू-तलासरी परिसर

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात. डहाणू–जव्हार मार्गावरील कासा हे या भागातील बाजाराचे गाव असून भोवतालच्या पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी आदी समाजांची वस्ती आहे. तारपा, घांगळी आणि ढोल ही येथील प्रमुख वाद्ये होत. तारपा वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांपासून तयार करतात. वारली विवाहविधीत धवलेरी या स्त्रिया गीते गातात. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे.

या संगीताच्या संदर्भात लोकवर्गणीच्या पद्धतीला वेगळे प्रश्न सामोरे येतात. येथे गाणारे आणि ऐकणारे बहुधा एकाच नाचाच्या फेऱ्यात असतात. वादकाचा आधार आंतरजालावरील चाहतावर्ग नसून पाड्यातील माणसे हा असतो. आंतरजालावर आवाहन केल्यास पैसे देणारे श्रोते मुख्यतः शहरांतील किंवा परदेशांतील असतात. त्यांच्यासाठी तयार होणारी मुद्रिका आणि रात्रभर चालणाऱ्या नाचाचे संगीत यांची लांबी, रचना व प्रयोजन भिन्न असते.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. विधिगीते पिढ्यान्‌पिढ्या समाजाकडून चालत आलेली असल्याने त्यांचा एक कवी किंवा संगीतकार दाखवता येत नाही. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते करवून घेणाऱ्या निर्मात्याला मिळतो. त्यामुळे बाहेरील व्यक्तीने निधी उभारून ध्वनिमुद्रण केल्यास त्या मुद्रणाचे हक्क तिच्याकडे जाऊ शकतात. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु हे मानांकन वस्तूंना लागू होते आणि गीतांना त्याचे संरक्षण नाही. गायकांशी लेखी करार, उत्पन्नातील वाटा आणि कोणती विधिगीते ध्वनिमुद्रित करू नयेत याबाबत समाजाची संमती या गोष्टी आवाहनापूर्वीच निश्चित होणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

आदिवासी गीत आंतरजालावरून दूरवर पोहोचू शकते, हे मुंबईच्या स्वदेसी या हिप-हॉप गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) या गीतातून दिसले. त्यात आरे येथील प्रकाश भोईर यांचा सहभाग आहे. वारली समाजाच्या जमीन व जंगलाच्या प्रश्नांना या गीताने शहरी तरुण श्रोता मिळवून दिला.

## कायदेशीर बाजू

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती ‘निर्माता’ ठरते आणि ध्वनिमुद्रणाचा पहिला हक्क तिचा असतो. प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. केवळ वर्गणी दिल्याने श्रोत्याला हा हक्क मिळत नाही. गीत व चाल यांचे हक्क ध्वनिमुद्रणापेक्षा वेगळे असतात. कवीच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे कवितेचा हक्क टिकत असल्याने त्या काळात हक्कधारकाची अनुमती आवश्यक असते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला आणि कलावंतांच्या सादरीकरणाचे हक्क अधिक स्पष्ट केले.

वर्गणीच्या बदल्यात भेट देणे आणि नफ्यात किंवा भागभांडवलात वाटा देणे यांत कायद्याने मोठा फरक आहे. सेबीने जून २०१४ मध्ये भागभांडवली क्राउडफंडिंगविषयी सल्लामसलतपत्र प्रसिद्ध केले होते. परवानगीशिवाय जनतेकडून अशा स्वरूपाची गुंतवणूक आंतरजालावर स्वीकारता येत नाही. त्यामुळे संगीतविषयक मोहिमा भेटी किंवा देणगी या स्वरूपात चालतात. व्यक्तिगत कलाकाराला दिलेल्या रकमेवर देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही. ती सवलत केवळ कायद्याने पात्र ठरलेल्या संस्थांना दिलेल्या देणग्यांसाठी आहे.

## मर्यादा व टीका

मध्यस्थाची विश्वासार्हता : रक्कम संकेतस्थळाच्या खात्यातून जात असल्यास त्याची आर्थिक स्थिती महत्त्वाची ठरते. सेलाबँड २०१० मध्ये दिवाळखोरीत गेले. प्लेजम्युझिकने अनेक कलाकारांची देणी थकवली आणि २०१९ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. श्रोत्यांनी पैसे देऊनही कलाकारांना ते मिळाले नाहीत. काहींना स्वतःच्या खर्चाने भेटी पाठवाव्या लागल्या.

अपूर्ण आश्वासने : ध्वनिमुद्रण लांबणे, भेटी न मिळणे आणि खर्चाचा हिशेब न कळणे या वर्गणीदारांच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. कलाकाराने एकदा विश्वास गमावल्यास दुसरी मोहीम उभी करणे अवघड जाते.

श्रमाचा भार : प्रसिद्धी, पत्रव्यवहार, हिशेब आणि टपाल ही कामे पूर्वी कंपनी करत असे. ती कलाकारावर आल्याने रियाज व रचनेचा वेळ कमी होतो.

विषम संधी : ज्यांचा श्रोतृवर्ग आधीच मोठा आहे, त्यांच्याच मोहिमा बहुधा यशस्वी होतात. नवोदित, ग्रामीण आणि आंतरजालावर अनुपस्थित कलाकार मागे पडतात. या कारणाने लोकसंगीताच्या जतनासाठी आकाशवाणी, अकादम्या, विद्यापीठे व ध्वनिसंग्रहालये यांच्या सार्वजनिक खर्चाला ही पद्धत पूरक ठरू शकते, पण त्याची जागा घेऊ शकत नाही.

## हेही पाहा

- कौशल इनामदार
- सुरेश भट
- तारपा
- वारली
- स्वामित्वहक्क
- कासा, डहाणू तालुका